जर्दाळूच्या पडवीतला संडास

सरीजूय गावात हुकमिद्दीनला विचारल्याशिवाय पाण्याचा थेंबही वळत नसे. तीस वर्षं तो गावचा मिराब होता, म्हणजे पाटकरी. कुणाच्या बागेला पाणी कधी सोडायचं, किती वेळ सोडायचं, कुणाचं दार आधी बंद करायचं, सगळं त्याच्या फावड्याच्या टोकावर. पाटात कुणी थुंकलं तर तो त्याच्या तीन पिढ्यांचा उद्धार करायचा. एकदा एका नव्या सुनेनं पाटात बाळाची दुपटी पिळली, तर यानं तिच्या सासऱ्याची पाळी दोन दिवस मागे ढकलली होती. अशा माणसावर म्हातारपणी वेळ काय यावी, तर संडासाचं पाणी कुठं न्यायचं याचा विचार करत दिवसदिवस बसून राहायची. वरच्यालाही अधूनमधून थट्टा करायची लहर येते.

झालं होतं असं की गेल्या हिवाळ्यात त्याची बायको सबोहत पाटावरच्या फळीवर घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पायरी म्हटली की पाय उचलेना. घराला अकरा पायऱ्या. म्हणून तिचं अंथरूण बागेच्या तळाशी, जर्दाळूच्या पडवीत हलवलं. ती इमारत म्हणजे एका टोकाला एक खोली आणि पुढं लांबच लांब पडवी. पूर्वी तिथं जर्दाळू वाळत पडायचे. आता बाग निम्मी राहिली, पण भिंतींमधून अजून तो वास येतो, ऊन तापलं की जास्तच.

सबोहतला ती जागा फार आवडली. पडल्या पडल्या तिला झाडं दिसायची, पाटाचं पाणी ऐकू यायचं, दुपारी छतावर पानांच्या सावल्या हलायच्या आणि ती अर्धवट झोपेत त्यांच्याकडे बघत राहायची. एकदा ती हुकमिद्दीनला म्हणाली की, इतकी वर्षं या घरात राहिले पण बाग बघायला सवडच मिळाली नव्हती, बरं झालं पाय मोडला. तो तिच्यावर रागावला. बाहेर जाऊन गाईशी काहीतरी बोलत बसला.

गोष्ट एवढीच अडली होती की संडास वर, गोठ्याच्या पलीकडे. एकशेवीस पावलं, मध्ये तीच ती फळी. यावर सबोहतनं आपल्यापुरता तोडगा काढला. तिनं चहा सोडला. सकाळचं ऊन भिंतीवरून खाली उतरेपर्यंत हिरव्या चहाची अख्खी किटली संपवणारी बाई. ती आता अर्धा पियाला ओठाला लावायची आणि पालथा घालायची. ओठ सुकलेले, तोंड सुकलेलं. पंजकेंतच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं की अशानं मूत्रपिंडं जातील.

मग खुजंदहून मुलाचा, शोदमोनचा, फोन आला. तो तिथं बसच्या आगारात होता, भला माणूस, आईवर जीव. तो म्हणाला, मी अक्रोड झाडायला येतोय. तोवर खोलीला लागून संडास झाला असला तर ठीक, नाहीतर ओयाला, म्हणजे आईला, घेऊन जाणार. इथं पलंगापासून सहा पावलांवर संडास आहे. खोली एकच रिकामी, पण तुम्ही काय, बाबा, पाट सोडून थोडेच येणार, असं म्हणून तो हसला. हुकमिद्दीनही हसला. फोन ठेवल्यावर मात्र दोन दिवस त्याला हसू आलं नाही. पंचेचाळीस वर्षांत सबोहत त्याच्यापासून एका रात्रीपेक्षा जास्त दूर राहिली नव्हती, आणि आता सगळं एका संडासावर येऊन ठेपलं होतं.

पंजकेंतहून नेमत उस्ताद आला. पन्नाशीचा, जाडजूड, पाइप आणि भांडी बसवण्यात हात धरणारा कुणी नाही असा. त्यानं पडवीभोवती दोन चकरा मारल्या, पहार मारून जमीन बघितली आणि पाटाकाठी बसून सिगरेट पेटवली. खोली बागेच्या अगदी तळाला. तिच्याखालची जमीन पाणथळ, दोन हात खणलं की खालून पाणी वर येई, आणि ते झिरपत जाई शेजारच्या तुर्सुनोयच्या अंगणात. शोषखड्ड्याला चांगली, कोरडी, रेताड जमीन होती ती पडवीच्या दुसऱ्या टोकाच्या पलीकडे. पण ती खोलीच्या जमिनीपेक्षा वर.

"मग घाण वर चढवायची," नेमत म्हणाला. "पंप मिळतो. दळतो आणि ढकलतो."

"हिवाळ्यात लाइट जाते त्याचं काय?"

"तेवढा वेळ धरून ठेवायचं."

हुकमिद्दीननं त्याच्याकडे असं बघितलं की नेमतनं सिगरेट विझवली. दुसरा उपाय म्हणजे संडासच उंचावर बांधायचा, चांगल्या पाच पायऱ्या करून, असं तो म्हणाला आणि म्हणता म्हणता त्याचं लक्ष पडवीत काठी धरून उभ्या असलेल्या सबोहतकडे गेलं. पुढचं वाक्य त्यानं गिळलं.

कुंपणाच्या भिंतीवरून तुर्सुनोय सगळं ऐकत होती. तिला ऐकू न जाणारी गोष्ट त्या गावात अजून घडायची होती. ती म्हणाली, "अका, माझ्या अंगणात तुमच्या खड्ड्याचं पाणी आलं तर मी माझं काही बोलणार नाही. तुम्ही मला दुपट्यांवरून जे बोललात ना, तेच तुम्हाला परत ऐकवीन, शब्दसुद्धा बदलणार नाही." दुपटी पिळणारी सून तीच. अठ्ठावीस वर्षं झाली, विसरली नव्हती. पण त्याच संध्याकाळी तिनं सबोहतसाठी भोपळ्याचे सांबुसे पाठवले, तेव्हा ती नेमकी कुणाच्या बाजूनं होती हे सांगणं कठीण.

त्यानंतर हुकमिद्दीन तुतीच्या झाडाखाली, पाटावर टाकलेल्या तख्तावर पडून राहू लागला. लोकांना वाटलं म्हातारा खचला. तो खचला नव्हता, तो पाण्याबरोबर फिरत होता. डोळे मिटले की खालून पाट वाहायचा, आणि तो त्या आवाजाचं बोट धरून गावातल्या एकेका बागेत जायचा, ओळखीची दारं, ओळखीची वळणं. पाण्याला कधी त्यानं जबरदस्ती केली नव्हती. जिथं जायचं त्याच्या मनात असतं तिथूनच त्याला न्यायचं, एवढंच कसब.

एका दुपारी त्याला असंच पडल्या पडल्या दिसलं की तो स्वतःच पाणी झालाय. सबोहतच्या खोलीत जमिनीवर पसरलाय, गार, पातळ, आणि वाट शोधतोय. खालची जमीन म्हणत होती, ये. तिथं तुर्सुनोय कमरेवर हात ठेवून उभी. वरची रेताड जमीन म्हणत होती, जमलं तर ये. तेवढ्यात सबोहत आली. तरुण नव्हती, आत्ताची होती, पांढऱ्या केसांची. तिनं झग्याची कड जराशी उचलली आणि अनवाणी पडवीतून चालू लागली. पायऱ्या नव्हत्या. ती नुसती चालत होती, आणि चालता चालता उंच होत होती, आणि तो मागे उभा राहून बघत होता. शेवटी तिनं वळून पाहिलं आणि ती म्हणाली, आता या.

तो उठला तेव्हा मांडीवर तुतीची पिवळी पानं पडली होती आणि चहा निवला होता. त्याला सगळं कळलं होतं. पाणी चढत नाही हे त्याला जन्मापासून ठाऊक होतं, पण माणूस चढतं. आधी सबोहतनं चढायचं आणि वरून पाणी सोडायचं. पायऱ्यांनी नाही. पडवी चांगली तीस पावलं लांब होती. खोलीच्या दारापासून दुसऱ्या टोकापर्यंत तिची जमीनच हळूहळू उचलत न्यायची, दीड हात, पण इतकी सावकाश की पायाला कळता कामा नये. टोकाला संडास, आणि तिथून पुढं कोरड्या जमिनीकडे सरळ उतरता पाइप.

शुक्रवारी त्यानं हशार पुकारला. एकाच्या घरचं काम सगळ्यांनी हातोहात करायचं, घरधन्यानं ओश, म्हणजे मांसाचा पुलाव, रांधून घालायचा, हा गावचा रिवाज. हुकमिद्दीनला वाटलं होतं, इतक्या जणांना शिव्या घातल्यात, आठ-दहा आले तरी पुष्कळ. छत्तीस आले. कुणी गाढवावरून माती आणली, कुणी गवताचं काड मिसळून पायानं तुडवली. मोठ्या कढईत गाजर आणि मांस परततानाचा वास जर्दाळूच्या वासात मिसळला, आणि सबोहत खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसली होती, कधी नव्हे ती इतक्या माणसांत. एक म्हातारा तिला म्हणाला की, अपा, तुमच्या नवऱ्यानं आयुष्यभर आमचं पाणी रोखलं, आता तुमचं मोकळं करायला आम्ही आलोय. सगळे हसले. तीही तोंडावर रुमालाचं टोक धरून हसली.

माती घातली, पण तिचा ढाळ हुकमिद्दीननं कुणाला ठरवू दिला नाही. नेमत पाणसळ घेऊन उभा राहिला तर त्याला म्हणाला, जरा थांब. त्यानं वरच्या टोकाला झारीनं पाण्याची बारीक धार सोडली आणि तिच्यावर तुतीचं एक वाळकं पान ठेवलं. पान खाली निघालं. जिथं ते पळालं तिथं त्यानं माती चढवली, जिथं अडलं तिथं खरवडली. पान सबोहतच्या चालीनं चाललं पाहिजे, असं तो म्हणत होता. पाच दिवस हाच उद्योग चालला. मग पानं निघायची ती अशी निवांत, वाटेत कुठं ओढ नाही की थबकणं नाही, आणि शेजारून सबोहत काठी टेकत चालली की दोघं बरोबरच खोलीच्या दाराशी पोचायची. नेमतनं मुकाट्यानं पाणसळ लावून बघितली आणि पुन्हा पिशवीत टाकली.

भांडं बसवायच्या दिवशी नेमतनं विचारलं, किब्ला कुठं? मक्केच्या दिशेला तोंड करून किंवा पाठ करून संडासला बसत नाहीत, हे काय सांगायला हवं. हुकमिद्दीन तेव्हा खड्ड्यात उतरून दगड रचत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "पाण्याबरोबर." सरीजूयमध्ये सगळे असंच सांगतात. पाट खणणाऱ्या पहिल्या मिराबनं तो म्हणे किब्ल्याच्या रोखानंच काढला. परका माणूस नमाजाला उभा राहिला आणि गोंधळला, की पोरंसुद्धा म्हणतात, पाणी जातं तिकडं बघ. नेमतनं पडवीपुढच्या पाटाकडे पाहिलं आणि त्याला आडवं धरून भांडं बसवलं. पाइप टाकला. दार लागलं. नेमत आपल्या दुसऱ्या कामाला गेला.

पहिल्या सकाळी सबोहत तीस पावलं चालत गेली. हुकमिद्दीन तख्तावर बसून तुतीकडे बघत राहिला, म्हणजे तिला अवघड वाटायला नको. ती लगेच परत आली. फार छान झालंय, म्हणाली. दुसऱ्या दिवशीही गेली, परत आली, फार छान म्हणाली. पण चहाचा पियाला अर्ध्यावरच पालथा पडत होता.

तिसऱ्या दुपारी त्याला तिचे रबरी जोडे दारात दिसले. तळाला शेण आणि गोठ्यापलीकडचा चिखल. तो झोपला की ही बाई फळी ओलांडून, एकशेवीस पावलं चालून वर जात होती. मोडलेल्या खुब्यानिशी.  आधी त्याला राग आला, मग रागाच्या जागी भीती बसली.

तो तिच्याजवळ जाऊन बसला. 

"तुला जायचंय का शोदमोनबरोबर?" त्यानं विचारलं. "तसं असेल तर सांग. मी काही म्हणणार नाही."

"काहीतरीच काय."

"मग तो संडास का नको?"

 तिनं भिंतीकडे बोट दाखवलं. तिथं तिची नमाजाची चटई टांगलेली होती, आणि तिच्यासमोर खुर्ची, जिच्यावर बसून ती हल्ली नमाज पढायची. "मी रोज तिकडं तोंड करते," ती म्हणाली. "आणि तुमचं भांडंही तिकडंच तोंड करून आहे. अहो, तुम्ही महिना-दीड महिना मातीत राबलात, छत्तीस माणसं येऊन गेली. कसं सांगू? आणि सांगितलं नाही तर बसू कशी?"

हुकमिद्दीन उठून बाहेर आला आणि पाटाकडे बघत उभा राहिला. पाणी पडवीपुढून शांत वाहत होतं, आणि किब्ल्याकडे जात नव्हतं. जाणार कसं? पाटाची नवी खणाई झाली तेव्हा तुतीचं झाड मध्ये येत होतं. तोडायला कुऱ्हाडही आणली होती. लग्नाला वर्षही न झालेली सबोहत म्हणाली होती, राहू दे ना. तेवढ्यावर त्यानं झाडाला वळसा देऊन पाट काटकोनात फिरवला होता. बाग संपता संपता तो परत मूळ वाटेला लागायचा. सगळ्या गावात तेवढ्या एका बागेत पाणी किब्ला सोडून वाहत होतं, आणि ते वळवणारा स्वतः तोच. बायकोच्या एका शब्दावर आपण कधी पाट वळवला होता, हे तो साफ विसरून गेला होता. 

नेमत दूर कुठल्या गावाला गेलेला, आणि उद्या शोदमोन येणार. हुकमिद्दीननं पहार घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार दारात थांबली तेव्हा भांडं पडवीत उताणं पडलं होतं, संडासाच्या जमिनीला खिंडार होतं आणि म्हातारा गुडघ्यापर्यंत चिखलात होता. भांडं काटकोनात फिरवायचं म्हणजे पाइपला जास्तीचं वळण, वळणात ढाळ खर्ची पडणार, म्हणून भांडं आणखी चार बोटं उचलायला हवं. रात्रभर त्यानं डोक्यात तेवढंच केलं होतं.

शोदमोननं सगळं बघितलं. तो चढ्या आवाजात बोलणारा माणूस नव्हता. त्यानं वडिलांना इतकंच सांगितलं की तुम्ही पुष्कळ केलंत, आता राहू द्या, बर्फ पडायला महिना उरलाय, ओया दिवसेंदिवस वाळत चाललीये. मग तो खोलीत गेला आणि आईची दोन गाठोडी बांधून त्यानं मोटारीत नेऊन ठेवली.  सबोहतनं डोक्याचा रुमाल सोडला, पुन्हा बांधला, आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

हुकमिद्दीन चिखलातून वर आला नाही. तिथूनच म्हणाला, "शोदमोन, तिला नेलंस तर मला इथं पाणी गोड लागणार नाही."

पंचेचाळीस वर्षांत त्यानं असं काही म्हटलेलं सबोहतनं ऐकलं नव्हतं. तिनं तोंड फिरवलं आणि भिंतीला हात टेकून उभी राहिली. शोदमोन वडिलांच्या हातांकडे बघत होता. त्यातली थापी काही केल्या सुटत नव्हती.

"वळण कुठल्या बाजूनं काढायचं?" त्यानं विचारलं, आणि बूट काढले.

बापलेकांनी दिवसभर काम केलं. भांडं कुठं तोंड करेल हे या वेळी सबोहतला विचारलं. तिनं खुर्ची आणायला लावली, नीट बसून दाखवलं, आणि दारावरच्या झरोक्यातून समोर डोंगर दिसतो म्हटल्यावर म्हणाली, असंच राहू दे. सिमेंट सुकायला हवं म्हणून शोदमोन दोन रात्री राहिला. दोन्ही दिवस त्यानं अक्रोड झाडले. गाठोडी मोटारीतच होती.

तिसऱ्या सकाळी तिघं तख्तावर चहाला बसले. शोदमोननं रीतीप्रमाणे थोडाच चहा ओतला, पियाल्याच्या तळाला जेमतेम दोन घोट, म्हणजे पुन्हा विचारता येतं. सबोहतनं तो संपवला आणि पियाला पुढं केला. त्यानं पुन्हा ओतला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. किटली रिकामी झाली तसा तो दुसरी भरून घेऊन आला.  ती सावकाश, डोळे अर्धे मिटून पीत होती, आणि तिच्या ओठांचा रंग बघता बघता बदलतोय असं हुकमिद्दीनला वाटलं.

मग ती उठली. काठी घेतली आणि पडवीतून निघाली. बापलेक दोघंही तुतीच्या झाडाकडे इतक्या एकाग्रतेनं बघू लागले की कुणाला वाटावं त्यावर काही लिहिलंय. दार लागलं. बराच वेळ गेला. मग बादली ओतल्याचा आवाज आला.

हुकमिद्दीन तख्तावरून उतरला. पाइप जिथून गाडला होता तिथून तो मान कलती करून चालू लागला, पावलागणिक थांबत. इथं वळण. इथं मोठा दगड, त्याच्या खालून. इथं जमीन रेताड होते. गावातलं प्रत्येक पाणी त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं, हे एकच मातीआडून चाललं होतं, आणि चालणं मात्र ओळखीचं होतं, कुठं ओढ नाही, कुठं थबकणं नाही. खड्ड्यापाशी तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं झाकणाला कान लावला.

शोदमोन त्याच्या मागोमाग आला होता. म्हातारा तसाच वाकलेला, दाढीला माती, डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पुसायचं भान नाही.

"काय ऐकताय, बाबा?"

"तुझी आई राहतेय," हुकमिद्दीन म्हणाला.

 शोदमोन मोटारीतली गाठोडी आणायला गेला.